साबेराचे रोजे

मस्कतमधल्या हमरियाच्या त्या गल्लीत साबेराचं घर कुणाला विचारावं लागत नाही. तळमजल्यावरच्या ज्या दारातून दिवसभर कांदा परतल्याचा वास येतो आणि ज्याच्या कडीला रिकाम्या डब्यांची पिशवी लटकलेली असते, ते तिचं. दापोली-मंडणगडकडून आलेली, बायकापोरं गावी ठेवलेली माणसं तिच्या हातचं जेवतात. कुणी एसी दुरुस्त करतो, कुणी रुवीच्या दुकानात कापड मोजतो, कुणी अर्बाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, घरची गाडी चालवतो. या सगळ्यांना वेळेवर भात-कालवण पोचलं की मस्कत सुरळीत चाललंय, असं साबेरा समजते. आपण स्वतः सुरळीत चाललोय की नाही हे बघायला तिला लग्नानंतर सवड झालेली नाही.

चाळिशी उलटल्यावर तिची पाळी चुकली तेव्हा तिला वाटलं, चला, एक कटकट संपली. अल्लाचे आभार मानून ती कामाला लागली. पुढच्या महिन्यातही काही नाही, तेव्हाही तिने आभार मानले. मग एके दिवशी बांगडे तळताना पोटात असं ढवळून आलं की कढई तशीच ठेवून मोरीकडे धावावं लागलं. परत येऊन तिने गॅस बारीक केला, भिंतीला टेकली आणि म्हणाली, "या अल्ला, हे नको होतं." ती मोठ्याने म्हणाली. घरात कुणी नव्हतं, पण पुढे तिला राहून राहून वाटायचं, ज्याने ऐकायला नको होतं त्याने ऐकलं.

नको असण्याला कारण होतं. तिची एकुलती एक मुलगी झरीन मागल्या वर्षी लग्न होऊन दाभोळला गेली होती आणि तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी. साबेराने ईद झाली की गावी जायचं आणि लेकीचं बाळंतपण करायचं, हे ठरलेलं होतं. आता आईच पोट घेऊन गावात उतरली तर कुणी कुणाचं बाळंतपण करायचं? जावयाला काय तोंड दाखवायचं? सासूबाई अजून खमक्या होत्या. त्या काय बोलल्या असत्या ते साबेरा शब्दन् शब्द सांगू शकली असती.

नवऱ्याला, हुसैनमियाँला, मात्र आनंद झाला होता. वादी कबीरच्या एका हार्डवेअरच्या दुकानाची पिकअप चालवणारा हा सरळ माणूस बातमी ऐकून लाजला. संध्याकाळी डाळिंबं घेऊन आला. साबेराने डाळिंबं सोलता सोलता त्याच्याकडून शपथ घेतली, कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही.

"कवातरी कळंलच की," तो म्हणाला.

"कळंल तवा कळंल. तुम्ही आपलं तोंड बंद ठेवा."

मग लपवाछपवी सुरू झाली. ढगळ अबाया आली. झरीनचा व्हिडिओ कॉल आला की साबेरा फोन इतका तोंडाजवळ धरायची की लेकीला नुसतं नाक दिसायचं. "अम्मी, जरा लांब धर ना, तू दिसतच नायस." "नेटच नाय गो इथं," असं म्हणून ती विषय बदलायची. रुवीतल्या दवाखान्यात ती एकदाच जाऊन आली. पुढच्या सोनोग्राफीला ईदनंतर बघू म्हणाली. डोहाळे लागले तेही तिने दाबले. सांदणं खावीशी वाटायची, आईच्या हातची, पातळ नारळाच्या दुधात बुडालेली. पण तिच्या वयाची बाई अचानक सांदणं वाफवायला बसली तर शेजारणी काय डोळे मिटून बसणार होत्या? तिने लोकांचे डबे भरले आणि आपली जीभ आवरली.

एवढ्यात रमजान आला, आणि साबेरा पुरती अडकली.

गरोदर बाईला रोज्याची सूट आहे, राहिलेले रोजे नंतर धरायचे, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. अल्लाने सूट दिली होती; गल्लीने दिली नव्हती. रमजानात तिचं स्वयंपाकघर म्हणजे बायकांची बैठक. दुपार झाली की वरच्या मजल्यांवरच्या बायका कांदा चिरायला, समोसे भरायला तिच्याकडे उतरायच्या, आणि कुणाचा रोजा आहे, कुणाचा नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असायचं. चार दिवस नसला तर कुणी विचारत नाही, बायकांचं बायकांना कळतं. महिनाभर नसला तर मात्र त्याचा अर्थ एकच. म्हणून साबेराने रोजे धरले, पहिल्यापासून, एकही न चुकवता. गुपित राखायचं म्हणून जिवाला कोरडं पाडणारी बाई तुम्ही पाहिली नसेल तर हमरियात येऊन बघा.

हुसैनमियाँ चिडला होता. पहाटे, रोज्याआधीच्या सहरीच्या वेळी ताटावर बसून त्याने तिला समजावलं, मग धमकावलं, मग गप्प झाला. "माझं अल्लाशी मी बघीन," एवढंच ती म्हणाली. खरं तर तिचं अल्लाशी काही भांडण नव्हतं. तिचं सगळं घोडं शेजारणींपाशी अडलं होतं.

त्यातली सगळ्यात धारदार नजर अमीरुन्निसाची. वरच्या मजल्यावर राहणारी ही श्रीवर्धनची बाई, गल्लीतल्या शिंप्याची बायको, साबेराहून वयाने थोडी मोठी. रोज सकाळी ती एक झाकलेली वाटी आणून साबेराच्या फ्रीजमध्ये ठेवायची, "माझा फ्रीज भरलाय गो," म्हणायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. हिच्या फ्रीजमध्ये एवढं काय भरलंय अल्ला जाणे, असं साबेराच्या मनात यायचं. पण दुसऱ्याची वाटी उघडून बघायची तिला सवय नव्हती.

पोटातलं पोर मात्र गुणी निघालं. पाचवा संपता संपता ते हलायला लागलं, तेही आईची सवड बघून. साबेरा दिवसभर उभी; चालत्या, वाकत्या बाईला काय कळणार? पण दुपारची नमाज झाली, तांदळाच्या पोत्यावर ती जरा टेकली, की बेंबीखाली आतून कुणीतरी बोट लावल्यासारखं व्हायचं. एकदा, दोनदा. "हं, कळलं, कळलं," असं ती पुटपुटायची, डबा मागायला आलेल्या माणसाला म्हणावं तसं. तिने त्याला कधी लाडाने काही म्हटलं नाही. पण दुपारी टेकायचं ती चुकवत नव्हती.

रमजान अर्ध्यावर आला तेव्हा ती इतकी थकली होती की पाय तिचे राहिलेच नव्हते. पहाटे सहरीचे डबे, दुपारी इफ्तारीची तयारी, मधे झोप म्हणजे डोळा लागायचा आणि गॅसचा वास आला असं वाटून उघडायचा. घसा कोरडा, कंबर धरलेली, बोटांना कांद्याची आग. विचार करायलाही अंगात त्राण लागतं, ते नव्हतं. आणि म्हणूनच तिला उशिरा कळलं.

त्या दिवशी ती पोत्यावर टेकली आणि तिच्या लक्षात आलं, की आज काही नाही. ती सरळ बसली. पोटावर हात ठेवला, थोडं दाबलं. काही नाही. झोपलं असेल, असं म्हणून तिने वाटाणे सोलायला घेतले, आणि शेंग हातात असतानाच तिला दुसरा प्रश्न पडला. काल तरी हललं होतं का?

तिला आठवेना. काल समोशांचा पसारा होता, पोत्यावर बसली होती की नव्हती? परवा? परवा झरीनचा फोन आला होता, त्या वेळी काही वाटलं होतं का? सगळे दिवस एकमेकांत मिसळून गेले होते, सगळ्या दिवसांना तेलाचा वास होता. पोटच्या पोराची शेवटची खूण कधीची, हे आईला सांगता येऊ नये! साबेराने पोट दोन्ही हातांनी धरलं आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्याशी नीट बोलली. "बाबू," ती म्हणाली, "हल रे. मी टेकलेय बघ."

ते हललं नाही. तिला बांगड्यांची ती दुपार आठवली आणि स्वतःचे शब्द कानात जसेच्या तसे ऐकू आले.

तिने हुसैनमियाँला फोन केला. कधी नाही तो दुपारचा फोन. तो दुकानात माल उतरवत होता, तसाच निघाला. पण तो पोचेपर्यंत बायका उतरल्या होत्या आणि ही बाई शेगडीशी उभी राहून भजी तळत होती, जसं काही झालंच नाही. अमीरुन्निसा कांदा चिरता चिरता तिच्याकडे बघत होती.

"काय गो, रंग असा का उतरलाय तुझा?"

"झोप नाय झाली."

हुसैनमियाँ दारात आला. बायका आहेत म्हणून तो एरवी आत येत नसे. साबेरा म्हणाली, "डबे भरून झाले की जाऊ." तो सरळ आत आला आणि त्याने गॅस बंद केला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या गॅसला त्याने हात लावलेला साबेराने पाहिला नव्हता. अर्धी कच्ची भजी तेलात तशीच राहिली.

"दाढ दुखतेय तिची," तो बायकांना म्हणाला. शपथ त्याने तेवढ्यातही पाळली.

गाडीत त्याने पाण्याची बाटली पुढे केली. तिने मान हलवली. "मगरिबला आता कितीसा वेळ राहिलाय! तवा सोडीन की रोजा." त्याने बाटली परत ठेवली, आणि सिग्नलला थांबला तेव्हा तो रडतोय हे तिला दिसलं. इफ्तारीआधीची ती वेळ, सगळं मस्कत घरी पोचायला धावत होतं, रुवीच्या रस्त्यावर गाड्याच गाड्या. साबेरा पोटावर हात ठेवून बसली होती. गाडीचा प्रत्येक धक्का तिला वाटायचा ते पोरच आहे, आणि प्रत्येक वेळी ती गाडीच असायची.

दवाखान्यातली नर्स केरळची होती, साबेरापेक्षा बरीच लहान. तिने हिंदीत विचारलं, "बच्चा लास्ट कब हिला?"

"मालूम नहीं," साबेरा म्हणाली. हे दोन शब्द बोलताना तिला जेवढी लाज वाटली तेवढी पोट वाढल्याची कधी वाटली नव्हती.

"पानी कब पिया?"

"रोजा है."

नर्सने एकदा तिच्या पोटाकडे आणि एकदा कोरड्या ओठांकडे बघितलं आणि डॉक्टरबाईंना बोलवायला गेली. डॉक्टरबाई आल्या, पोटाला गार जेल लावलं, यंत्र फिरवायला लागल्या. त्या पडद्याकडे बघत होत्या आणि साबेरा त्यांच्या तोंडाकडे. हुसैनमियाँ दाराशी टोपी हातात चुरगाळत उभा होता.

मग आवाज आला. शिवणयंत्र भरधाव चालावं तसा, न थांबणारा. "ये आपके बेबी का दिल है," डॉक्टरबाई म्हणाल्या. साबेराने हुंदका गिळला. बाहेर मगरिबची अजान सुरू झाली होती. नर्सने तिच्या हातात खजूर ठेवला आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, आणि तिने आडव्या अवस्थेतच रोजा सोडला.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. वार पुढच्या बाजूला आहे, मधे उशी ठेवल्यासारखी, म्हणून हालचाल कमी कळते. त्यात दिवसभर उभं राहणं, अंगात पाणी नाही. या महिन्यांत रोज सारखं हलेलच असंही नाही. "लेकिन रोजा अब बंद," त्यांनी बजावलं. "पानी पीना है, बायीं करवट लेटना है, और ध्यान देना है. फिर भी ना लगे, तो उसी वक्त आना. घर बैठके राह नहीं देखना." पडद्यावर त्यांनी एक हात दाखवला, इवलासा, हलणारा. साबेराने तो डोळ्यांनी पाहिला. पण पोटात काहीच जाणवलं नाही, आणि डोळ्यांनी पाहिलेल्यावर तिचं भागत नव्हतं.

घरी आली तर स्वयंपाकघर लख्ख. भजी तळून डबे गेले होते, कढई घासून पालथी घातली होती. अमीरुन्निसा ओट्याशी हात पुसत उभी होती.

"दाढ कशी हाय?" तिने विचारलं.

"बरी हाय."

"जप," अमीरुन्निसा म्हणाली, आपली वाटी फ्रीजमधून काढली आणि वर गेली.

दुसऱ्या दिवशी साबेराने रोज्याची नियत केली नाही. हुसैनमियाँने कामावर जाण्याआधी पाण्याच्या बाटल्या भरून फ्रीजमध्ये लावल्या. सकाळी एकटी होती तोवर मोरीत जाऊन, दार लावून, ती चोरासारखं दोन घोट पाणी प्यायली. ते घशातही नीट उतरलं नाही. मग डाळ, मग मसाला, मग डब्यांची पिशवी. रिकामे डबे हल्ली घासून, पुसून परत यायचे. आधी खरकट्यासकट यायचे. रमजानात माणसं सुधारतात, एवढाच विचार तिने त्यावर केला होता.

सकाळभरात पोर हललं नाही.

दुपारची नमाज झाली. आता पाणी प्यायचं, डाव्या कुशीवर पडायचं आणि लक्ष द्यायचं. पण अमीरुन्निसा आज सगळ्यांच्या आधी उतरली आणि कांद्याची परात मांडीवर घेऊन फ्रीजला पाठ लावून बसली. साबेरा तांदळाच्या पोत्यावर टेकली. ही उठेल, वर जाईल, कुणाचा तरी फोन येईल. अमीरुन्निसा सावकाश कांदा सोलत होती. साबेराच्या हाताखाली पोट नुसतं होतं, भरल्या पिंपासारखं गप्प. घसा आतून चिकटला होता. ती थकली होती. रोज्याने नाही, स्वयंपाकानेही नाही, या झाकून ठेवण्याने थकली होती. जावई काय म्हणेल, सासू काय म्हणेल, ही समोरची बाई संध्याकाळपर्यंत कुठल्या कुठल्या दारात सांगेल, हे सगळं तिने इतके महिने डोक्यावर वाहिलं होतं आणि आता तिच्याने ते उचलवत नव्हतं. जाऊ दे, तिला वाटलं. सगळं जाऊ दे, पण हे राहू दे.

"अमीरुन्निसा," ती म्हणाली. आवाज फाटला. "मागं फ्रीजात पाणी हाय. दे गो मला."

अमीरुन्निसाने सुरी खाली ठेवली. तिने 'रोजा नाय काय?' असं विचारलं नाही. उठली, हात धुतले, फ्रीज उघडला आणि बाटली काढली. बाटलीबरोबर आपली ती झाकलेली वाटीही काढली आणि दोन्ही साबेराच्या पुढ्यात आणून ठेवलं. झाकण तिनेच उचललं. आत खिमटीसारखी मऊ खीर होती, तांदळाची, वर दोन खजूर.

"ही कुणाची?" साबेराने विचारलं.

"कुणाची म्हणजे? तुझीच. पयल्या रोज्यापासून ठेवतेय. आज मागशील, उद्या मागशील. तू मागत नाय, मग संध्याकाळी मीच खाते. जाडी झाले मी तुझ्यापायी."

साबेराने वाटी आपल्याकडे ओढली.

"तीन पोरं काढलीत मी," अमीरुन्निसा म्हणाली. "चाल बघून कळतं. आणि ते तुझे मेसवाले डबे घासून पाठवतात ते काय सवाबासाठी, पुण्य लागावं म्हणून? सगळ्यांना ठाऊक हाय. तू सांगत नायस म्हणून कुणी विचारत नाय. बाईला जवा सांगायचं तवा ती सांगंल. आता पी."

साबेरा पाणी प्यायली. गार पाणी, अर्धी बाटली, मधे श्वास न घेता. खीर खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचेही तिला कष्ट वाटत होते. मग अमीरुन्निसाने जमिनीवर चटई टाकली, उशाला पिठाची रिकामी पिशवी घडी करून ठेवली, आणि साबेरा आपल्याच स्वयंपाकघरात, भर दुपारी, डाव्या कुशीवर आडवी झाली.

"काल दाढ नव्हती ना गो?" अमीरुन्निसाने हळू विचारलं.

"हलत नाय ते," साबेरा म्हणाली. "डॉक्टरीण म्हणते बरं हाय. मला कळत नाय."

अमीरुन्निसाने कांद्याची परात बाजूला सरकवली आणि तिच्या पाठीशी येऊन बसली. वरून बायका आल्या, तिने त्यांना दारातूनच हाताने परत पाठवलं. कुकर गार होत होता. गल्लीतून कुणीतरी "यल्ला, यल्ला" करत गाडी मागे घेत होतं. साबेरा पोटावर हात ठेवून पडली होती आणि वाट बघत होती. आता नाही हललं तर लगेच निघायचं, हुसैनमियाँला बोलवायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं. झोप तिच्या डोळ्यांवर येत होती आणि ती तिला आत येऊ देत नव्हती.

आणि मग लागलं. पुढून नाही, खाली, कडेला, कमरेजवळ; तिथे तिने कधी लक्षच दिलं नव्हतं. बोट नव्हतं ते, चांगला धक्का होता, नीट, रागावल्यासारखा. थोडं थांबून पुन्हा एक.

साबेराने मागे हात करून अमीरुन्निसाचा हात पकडला, ओढला आणि तिथे दाबून ठेवला. दोघी श्वास रोखून होत्या. तिसरा धक्का अमीरुन्निसाला कळला की नाही कोण जाणे, पण ती "माशाल्ला, माशाल्ला" म्हणत साबेराच्या केसांवरून हात फिरवायला लागली, आणि साबेरा पिठाच्या पिशवीत तोंड खुपसून मोठमोठ्याने रडली. एवढ्या महिन्यांचं सगळं रडून घेतलं. कुणी ऐकेल याची तिला आज पर्वा नव्हती.

जरा वेळाने अमीरुन्निसा उठली. परात पुन्हा जवळ ओढली, रिकामी वाटी मोरीत विसळून पालथी घातली.

"उद्या काय आणू करून?" तिने विचारलं. "का पुन्हा खीरच?"

साबेराने डोळे पुसले. हात कमरेजवळच ठेवला होता, तो काढला नाही.

"सांदणं," ती म्हणाली. "नारळाच्या दुधातली. आणि जास्त कर गो. खाणारी दोघं हायेत."